न काढायचे दांडे

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायापासून पुढे बहुतेक वाचकांचा उत्साह ओसरतो, आणि मीही बरीच वर्षे त्यांच्यापैकीच एक होतो. मिसरातून म्हणजे इजिप्तमधून इस्राएल लोकांची सुटका झाली, समुद्र दुभंगला, सीनाय पर्वत धुराने वेढला गेला आणि त्यानंतर एकाएकी देवाच्या निवासमंडपाच्या, म्हणजे प्रवासात बरोबर न्यायच्या तंबूवजा मंदिराच्या, फळ्या, कड्या, उथळ्या (फळ्या-खांबांखालच्या बैठका) आणि पडद्यांच्या लांबीरुंदीचा हिशेब सुरू होतो. यंदा मात्र मी तो भाग खडू आणि टेप घेऊन वाचला. त्यातले माप 'हात' हे आहे, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, सुमारे ४५ सेंटीमीटर. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवण्याची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. दिवाणखान्याच्या फरशीवर ती चौकट आखली, तेव्हा जुन्या घरात पलंगाखाली ठेवत त्या ट्रंकेपेक्षा ती फारशी मोठी निघाली नाही. संपूर्ण निवासमंडपही जेमतेम तीस हात लांब आणि दहा हात रुंद होता.

त्या मंडपात परमपवित्रस्थान, म्हणजे कोश ठेवलेले सर्वांत आतले दालन, होते, सोन्याचा दीपवृक्ष होता, समक्षतेच्या भाकरींचे मेज होते, हे सारे खरे. पण माझे लक्ष कोशाच्या दांड्यांवर खिळले. बाभळीच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले ते दोन दांडे कोशाच्या कड्यांत घालावेत आणि कधीही काढू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मेजाला दांडे आहेत, वेद्यांनाही आहेत, पण ते काढू नयेत असे त्यांच्याबाबत म्हटलेले नाही. ज्या वस्तूपाशी वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या महायाजकाने जायचे, तीच सदैव उचलण्याच्या तयारीत ठेवलेली आहे. 'त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान तयार करावे, म्हणजे मी त्यांच्यामध्ये वस्ती करीन,' हे देवाचे वाक्यही बारकाईने वाचण्यासारखे आहे. 'त्यामध्ये' नव्हे, 'त्यांच्यामध्ये'. वस्ती करणे या अर्थाच्या 'शाखन' या हिब्रू धातूवरूनच मंडपाला 'मिश्कान' हे नाव पडले. ही वस्ती जागेशी बांधलेली नसून माणसांशी बांधलेली आहे, आणि माणसे तर वाटेवर आहेत.

म्हणूनच मला गणनेच्या पुस्तकाचा चौथा अध्याय, म्हणजे सामान बांधण्याचा अध्याय, साऱ्या वर्णनाचा गाभा वाटतो. तळ हलवताना महायाजक अहरोन व त्याच्या मुलांनी अंतरपट, म्हणजे परमपवित्रस्थानापुढचा पडदा, उतरवून त्यानेच कोश झाकायचा, वर कातड्याचे आच्छादन घालायचे आणि सर्वांत वर निळे कापड पसरायचे. इतर वस्तूंवर शेवटचे आच्छादन कातड्याचे, कोशावर मात्र निळे. म्हणजे रानातून चाललेल्या त्या लांबलचक काफिल्यात कोश कोणता, हे दुरूनही ओळखू येत असणार. वाहतुकीसाठी सहा गाड्या आणि बारा बैल मिळाले. मंडपाची सेवा लेवी वंशातल्या तीन घराण्यांकडे होती. त्यांतल्या पडदे वाहणाऱ्या गेर्षोनी घराण्याला दोन गाड्या आणि चार गाड्या फळ्या-उथळ्या वाहणाऱ्या मरारी घराण्याला दिल्या. कहाथी घराण्याला एकही गाडी नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहायच्या होत्या. पुढे दावीद राजाच्या काळात कोश नव्या गाडीवर चढवला गेला, बैल अडखळले, सावरायला हात लावणारा उज्जा जागीच मेला. ही कथा मला अजूनही कठोर वाटते. पण गणनेतली वाटणी लक्षात असली, तर चूक त्या हातापेक्षा आधी गाडीची होती, हे तरी उमजते.

मंडप उभा कशावर होता, हेही पाहण्याजोगे आहे. फळ्यांच्या आणि अंतरपटाच्या खांबांच्या मिळून चांदीच्या १०० उथळ्या, प्रत्येकी एक किक्कार (वजनाचे मोठे माप) वजनाच्या. ही चांदी शिरगणतीच्या वेळी ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल (वजनाचे लहान माप) दिल्याने जमली. श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, असा दंडक होता. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, हे धरून मी गुणाकार केला, तेव्हा ग्रंथात दिलेली १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल ही बेरीज तंतोतंत जुळली. सोने ऐच्छिक दानातून आले, पण पाया सर्वांच्या सारख्या वाट्याचा.

या वर्णनाचा बराच भाग नंतरच्या मंदिराकडे पाहून रचला गेला, असे मत एकोणिसाव्या शतकात जर्मन बायबल-अभ्यासक वेलहाउझेन यांनी मांडले आणि ते दीर्घकाळ मान्य होते. दुसरीकडे, कादेशच्या लढाईच्या इजिप्ती शिल्पांत इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचा आयताकृती राजतंबू तळाच्या मध्यभागी दिसतो आणि आतल्या दालनात राजाच्या नाममुद्रेच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे आहेत. परमपवित्रस्थानातही दयासनावर, म्हणजे कोशाच्या सोन्याच्या झाकणावर, पंख पसरलेले दोन करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) होते. फरक इतकाच की त्यांच्यामध्ये कोणाचे नाव नव्हते आणि मूर्तीही नव्हती, नुसती मोकळी जागा होती.

बांधकामाच्या आज्ञा संपतात तिथेच शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विश्रांती घेण्याची, आज्ञा येते, म्हणजे देवाचे घर बांधण्यासाठीसुद्धा सातवा दिवस मोडायचा नाही. मंडपासाठी लागलेल्या कामांवरूनच रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, शब्बाथाला वर्ज्य अशी ३९ कामे ठरवली. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी लोक शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, तेलाचा घाणा बंद ठेवत आणि त्यावरून 'शनिवार तेली' म्हणवले जात, ही गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे दावीदाचा मुलगा शलमोन याने दगडाचे मंदिर बांधले, कोश आत नेऊन ठेवला गेला आणि प्रवास संपला. तरीही राजांच्या पहिल्या पुस्तकात एक लहानशी नोंद राहून गेली आहे: दांडे इतके लांब होते की त्यांची टोके आतल्या गाभाऱ्यासमोरच्या पवित्रस्थानातून दिसत, बाहेरून मात्र दिसत नसत.