तीनदा पासवर्ड बदलला तरी 'तो' परत आत

मागच्या आठवड्यातली एक कम्प्लेंट अजून डोक्यातून जात नाहीये. दार उघडल्या उघडल्या काकू म्हणाल्या, "आमचं वायफाय कोणीतरी चोरतंय हो, तीनदा पासवर्ड बदलला तरी तो परत येतोच." तो म्हणजे शेजारचा कॉलेजातला मुलगा, हे त्यांचं ठरलेलं होतं. महिनाभर त्या घराशी बोलणं बंद.

आधी आमच्यातलाच एक टेक्निशियन येऊन गेलेला. त्याने राउटरला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत 'अननोन' बघितलं, कोणीतरी घुसलंय म्हणाला, प्रत्येक वेळी पासवर्डबरोबर नेटवर्कचं नावही बदलत जा असं सांगितलं आणि कॉल क्लोज करून मोकळा. याचा मला खरंच राग येतो, एक मिनिट थांबून त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा पत्ता, वाचायला काय होतं?

राउटरची सेटिंग्ज उघडली तर अ‍ॅडमिन पासवर्ड अजून अ‍ॅडमिनच, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने जोडायची सोय, चालू. मला वाटलं सापडलं. डब्ल्यूपीएसचा पिन ८ आकडी असतो पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून निघतो, म्हणजे फार तर ११,००० प्रयत्नांत पिन मिळतो आणि पिन मिळाला की तुम्ही कितीही पासवर्ड बदला, नवा पासवर्ड राउटर स्वतःच देऊन टाकतो. २०११ पासून जगाला माहीत असलेली गोष्ट आहे ही, तरी तो चालू. बंद केला, अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला.

मग काकूंनी वही आणली. तीन तारखा, तीन मॅक अ‍ॅड्रेस, पेन्सिलने एकेक अक्षर सुटं काढलेलं. मी बघतच राहिलो. तिन्हींत दुसऱ्या जागी २, ई आणि ए. तिथे २, ६, ए किंवा ई असलं की तो पत्ता उपकरण बनवणाऱ्या कंपनीने दिलेला नसतो, बहुतेक वेळा फोननेच बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा पत्ता वापरतात. नाव बदललं की पत्ता बदलला.

"काकू, तुमच्या फोनचं वायफाय बंद करा जरा." केलं. यादीतला 'अननोन' गेला. चालू केलं, आला. खात्री करायची म्हणून मी नेटवर्कला आधीचं नाव दिलं, फोन जोडला, आणि वहीतला दुसरा पत्ता जसाच्या तसा स्क्रीनवर. मग पहिलं नाव, तर पहिला पत्ता.

काकू कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच?"

डब्ल्यूपीएस उघडा होता त्यामुळे कधीच कोणी आलं नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, राउटर रीस्टार्ट केल्यामुळे जुना लॉगही गेलेला. हे त्यांनाही सांगितलं. पण वहीतल्या तिन्ही नोंदी त्यांच्याच फोनच्या होत्या, त्या मुलाचं त्यात काही नव्हतं. आमचा माणूस पहिल्याच दिवशी नीट बसला असता तर हे एवढं झालंच नसतं.

निघताना मी विचारलं, ती पानं फाडून टाकू का? नको म्हणाल्या, त्याला दाखवायचीत.