चाकाची धाव

१९९७चा उन्हाळा नुकताच लागत होता. डेन्व्हरहून पहाटे निघून आम्ही नेब्रास्कातल्या स्कॉट्सब्लफला पोचलो. नॉर्थ प्लॅट नदीकाठचं हे गाव. ज्या कड्यावरून त्याला नाव पडलं, तो आठशे फुटी कडा नदीच्या पल्याड. धर्मापायी छळ झालेले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक १८४७ साली याच नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला, आजच्या युटातल्या सॉल्ट लेककडे गेले होते. त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून एप्रिलमध्ये ओमाहाहून गाड्यांचा तांडा निघाला होता. वाट हजार मैलांहून जास्त!

आधी धुरळा दिसला, मग पांढरी छतं. मागे हातगाडे ओढणारी माणसं, लांब झगे घातलेल्या बाया, तांबूस झालेली पोरं. लोक टाळ्या वाजवत होते. माझी नजर मात्र चाकांवरून हटेना. आजोळी मामांची बैलगाडी होती, तिच्या चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, वरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव, सगळं मी हाताळलेलं.

मुक्कामावर एक म्हातारे गाडीवान बादलीने चाकावर पाणी ओतत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "हवा कोरडी आहे, लाकूड आटतं आणि लोखंड सैल होतं." पूर्वीचे लोक चाकं रात्रभर नदीत घालून ठेवत. आमचे मामाही चैत्र-वैशाखात चाकं डोहात टाकायचे! मी हे सांगितलं तसे ते हसले आणि बादली माझ्या हातात दिली. धावेखालच्या भेगेत पाणी मुरताना मी बघत राहिलो.

१८४७च्या तांड्यात विल्यम क्लेटन नावाचा कारकून होता. चाकाला लाल चिंधी बांधून तो दिवसभर फेरे मोजत चालायचा. चाकाचा घेर चौदा फूट आठ इंच, म्हणजे ३६० फेऱ्यांना बरोबर एक मैल. पुढे तांड्यातल्याच ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून दात्यांच्या लाकडी चाकांचं मोजयंत्र तयार झालं आणि त्याची सुटका झाली. पण ती चिंधी माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळी गावाच्या पूर्वेला रेल्वेमार्गाजवळ गेलो. १८५२च्या ऑगस्टमध्ये याच वाटेने निघालेल्या रिबेका विंटर्स या मॉर्मन बाई इथे पटकीने गेल्या. दगड मिळेना, म्हणून विल्यम रेनल्ड्स या सोबत्याने गाडीची धाव वाकवून थडग्यावर रोवली आणि छिन्नीने नाव, वय कोरलं. पुढे रेल्वेच्या मोजणीवाल्यांना ती दिसली आणि त्यांनी रूळ बाजूला वळवले. बघायला येणाऱ्यांना रुळांचा धोका होता, म्हणून १९९५ साली थडगं थोडं दूर हलवलं.

मी धावेवर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हाने ती अजून कोमट होती. अक्षरं उथळ, पण बोटाला लागत होती. बायकोने वाटेत तोडलेली रानफुलं खाली ठेवली. तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.