साल्टनस्टॉल कुटुंबचित्राची नक्कल : पलंगाचा भाग पूर्ण, आता हात

साल्टनस्टॉल कुटुंबाच्या चित्राच्या नकलेतील पलंगाचा भाग आता पूर्ण झाला आहे. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते साधारण 1636-37 मधले असून डेव्हिड डेस ग्रांजेस याचे मानले जाते. सुमारे 214 × 276 सेंटिमीटरच्या त्या कॅनव्हासवर माणसे जवळजवळ खऱ्या उंचीची आहेत. मी चौकटी आखून पाव मापाने काम करीत आहे. डेस ग्रांजेसची ओळख मुख्यतः लघुचित्रकार म्हणून आहे, हे लक्षात घेतले की एवढ्या भव्य कॅनव्हासवर त्याने घेतलेली झेप विशेष वाटते.

चित्रातील व्यक्ती कोण, हे ठरविल्याशिवाय चेहऱ्यांना हात घालू नये, असे माझे मत अधिकच पक्के झाले आहे. वरवर पाहता बाळंतिणीच्या भेटीला पती मुलांसह आला आहे, असेच वाटते. परंतु आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेला अर्थ निराळा आहे. उभे असलेले गृहस्थ म्हणजे नॉर्दॅम्प्टनशरमधील चिपिंग वॉर्डनचे सर रिचर्ड साल्टनस्टॉल, आणि पलंगावरची फिकट स्त्री म्हणजे 1630 मध्ये वारलेली त्यांची पहिली पत्नी एलिझाबेथ. बाजूला बाळ मांडीवर घेऊन बसलेली मेरी ही दुसरी पत्नी असून तिच्याशी त्यांचा विवाह 1633 मध्ये झाला. म्हणजे या दोघी या खोलीत एकत्र असणे शक्यच नव्हते. चित्रकाराने गेलेल्या पत्नीला कुटुंबातले तिचे स्थान परत दिले आहे. (1630 मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेलेले सर रिचर्ड साल्टनस्टॉल हे वेगळे गृहस्थ, नामसाधर्म्यामुळे शोध घेताना सावध राहावे.)

या अर्थामुळेच पांढऱ्या रंगाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. उशी, चादर, एलिझाबेथचा चेहरा आणि मेरीचा साटीनचा पोशाख हे सारे पांढऱ्याच्या जवळचे आहेत, पण एकाच पांढऱ्याने रंगविले तर चित्राचा जीवच हरवतो. चादरीसाठी मी टायटॅनियम पांढऱ्यात किंचित काळा आणि कच्चा अंबर (मातीपासूनचा तपकिरी रंग) मिसळून थंड राखी छटा घेतली. चेहऱ्यात तीच छटा ठेवून गालावर मात्र लाली अजिबात टाळली. ओठांपुरता अगदी पातळ गुलाबी थर दिला. मेरीच्या साटीनमध्ये पिवळसर ऊब ठेवली आणि घड्यांच्या कडांवर जाड रंगाचे तुटक फटकारे मारले. या फरकाने पलंगावरची स्त्री दूर गेली आणि बसलेली स्त्री पुढे आली. रेखाटनात काहीही बदलावे लागले नाही.

लाल पडद्यांसाठी हिंगुळी रंगाचा सपाट थर वाळू दिला आणि त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेल्या अलिझारिन या गडद लाल रंगाचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, चढविले. घड्यांच्या खोल भागांत दुसरे ग्लेझ लागले. पहिला थर पुरता वाळल्याशिवाय ते देऊ नये, कारण खालचा रंग लगेच उचलला जातो.

आता हातांकडे वळलो आहे, आणि माझ्या मते सबंध चित्राचा अर्थ तिथेच आहे. एलिझाबेथचा हात मुलांच्या दिशेने पुढे आला आहे. ती तिचीच मुले, रिचर्ड आणि ॲन. थोरला रिचर्ड झग्यात आहे, कारण त्या काळी सहा-सात वर्षांपर्यंत मुलगेही झगेच घालीत. वडिलांनी त्याला धरले आहे, त्याने बहिणीला धरले आहे, आणि वडिलांचा दुसरा, हातमोजा घेतलेला हात पलंगाकडे वळला आहे. मृत आईपासून मुलांपर्यंतचा वारसा असा हातांतून पुढे जातो. मेरीच्या मांडीवरचे बाळ घट्ट गुंडाळलेले असल्याने त्याचे हात मात्र दिसतच नाहीत. ते 1634 मध्ये जन्मून वारलेला जॉन की 1636 मधला फिलिप, यावर मतभेद आहेत. चित्राचा काळ पाहता मला फिलिप अधिक पटतो.

तुलनेसाठी मँचेस्टर आर्ट गॅलरीतील जॉन सूचचे 1635 चे सर थॉमस ॲस्टन यांचे चित्र शेजारी ठेवले आहे. तिथेही पत्नी पलंगावर मृत आहे, आणि तीच पुन्हा खाली बसलेली, जिवंत दिसते. काळ्या वस्त्राने झाकलेल्या पाळण्यावर कवटी आहे. ते उघड शोकचित्र आहे. साल्टनस्टॉल चित्रात कवटी नाही, म्हणून शोकाचा सारा भार त्या फिकट त्वचेवर आणि हातांवर पडतो.

पुढच्या टप्प्यात आधी एलिझाबेथचा हात राखी-हिरवट पहिल्या थरावर रंगवीन, मग त्याच्या तुलनेत सर रिचर्ड यांच्या हाताची ऊब ठरवीन. एलिझाबेथच्या हाताच्या त्वचेसाठी कोणी टेर व्हर्ट (मातीपासूनचा फिका हिरवा रंग) वापरला असेल, तर वाळल्यानंतर तो कितपत गडद दिसतो ते अवश्य कळवावे.