सरांसाठी पद्मश्रीचे नामांकन भरताना

माझे वडील गिरणीत कामगार होते. तिशी गाठल्यावर ते परळच्या एका रात्रशाळेत अक्षरे शिकले आणि त्यांना शिकवणारे सर त्यानंतरही अनेक वर्षे, दिवसा पेढीवर हिशेब लिहून, रात्री विनावेतन शिकवत राहिले. 2024 च्या जूनमध्ये मी त्यांचे नाव पद्मश्रीसाठी सुचवायचे ठरवले. त्यासाठी मंत्र्यांची शिफारस लागते असा माझा समज होता; प्रत्यक्षात कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नामांकन भरू शकतो, स्वतःचेसुद्धा. त्या वर्षीची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत होती.

नोंदणी सहज झाली. वेळ गेला तो कार्याच्या वर्णनात, कारण त्याला 800 शब्दांची मर्यादा आहे आणि माझा पहिला मसुदा तिच्या दुप्पट होता. त्यात ‘थोर’, ‘निःस्वार्थ’, ‘ऋषितुल्य’ असे शब्द जागोजागी होते. पण सरांनी नेमके काय केले, हे शोधूनही सापडत नव्हते. मग त्यांच्या माळ्यावरचे जुने हजेरीपट उतरवले. 1979 च्या हजेरीपटात वडिलांच्या नावापुढे निळ्या शाईचा पसरलेला अंगठा होता, आणि चार पाने उलटल्यावर त्याच रकान्यात, शिरोरेघ न दिलेली, थरथरती सही. मी बराच वेळ त्या पानावरून बोट फिरवत बसले. त्यानंतर विशेषणे आपोआप गळाली आणि वर्षे, वर्ग, विद्यार्थी एवढेच उरले.

सर मात्र संकोचले होते. ‘हे नावाआधी लावायचे असते का?’ असे त्यांनी विचारले. पद्म पुरस्कार ही पदवी नाही, त्यामुळे तो नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केले असल्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी होकार दिला. सन्मान म्हणून राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम नसते, हेही त्यांना आवडले.

25 जानेवारी 2025 च्या रात्री 139 नावांची यादी जाहीर झाली. मी ती तीन वेळा वाचली. सरांचे नाव नव्हते. मला वाईट वाटले, आणि ते मी लपवत नाही. पुढच्या वर्षीच्या पुरस्कारांसाठी नामांकने 15 मार्चपासून घेतली गेली, म्हणून मी नव्याने अर्ज भरायला घेतला आणि या वेळी आधीचा मजकूर छापून सरांना दाखवला. त्यांनी तो चष्मा पुसून सावकाश वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, ‘शेजारच्या वर्गावर बाई होत्या. त्यांचा उल्लेख नाही यात.’ बाईंवरची तीन वाक्ये लिहिली, तेव्हा शब्द 800 च्या पुढे गेले. ती बसवण्यासाठी मी वडिलांच्या सहीचा उल्लेख काढला आणि नामांकन पाठवले.