आक्कांनी सांगितलं, ते लिहिलं

तासगावच्या एका बेदाणा उत्पादकाच्या, दादांच्या, वेबसाइटचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा ती गुगलवर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन, सर्च कन्सोल, उघडलं, तर मॅन्युअल ॲक्शनखाली, म्हणजे गुगलच्या माणसांनी लावलेल्या दंडाखाली, अनैसर्गिक लिंकची नोटीस पडलेली. आधीच्या एजन्सीनं महिन्याला अमुक लेख, अमुक लिंक असं पॅकेज दादांच्या गळ्यात मारलं होतं. ते लेख मी वाचायला घेतले. एकात होतं, ‘सुकलेली द्राक्षे आरोग्यासाठी अत्यंत लाभदायक आहेत.’ दुसऱ्यात, ‘वाळवलेली द्राक्षे प्रकृतीसाठी फारच गुणकारी आहेत.’ तिसऱ्यात तेच, शब्द फिरवून. प्रत्येकाच्या शेवटी ‘बेदाणा होलसेल भाव’ या तीनच शब्दांवर लिंक. आणि हे छापलं कुठे, तर मोबाइल कव्हरच्या नाहीतर जुगाराच्या साइटवर.

या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डमध्ये पेजरँक, म्हणजे लिंकवरून पानाचं वजन ठरवायची रीत, मांडलं, त्यामागचा विचार साधा होता: ज्या पानाचा दाखला चांगली पानं देतात, ते पान वजनदार. विकतचे दाखले सुरू झाले आणि लिंकसाठीच लेख छापणाऱ्या डिरेक्टऱ्या भरभरून वाहू लागल्या. 2011 च्या फेब्रुवारीत गुगलच्या पांडा अपडेटनं पातळ मजकुराच्या साइटना खाली ढकललं, 2012 च्या एप्रिलमध्ये पेंग्विन अपडेटनं बनावट लिंक धरल्या. तरीही ही पॅकेजं आजही विकली जातात, आणि पैसे जातात ते दादांसारख्यांचे.

नको असलेल्या डोमेनची यादी करून डिसअव्हाऊ फाइल (या लिंक मोजू नका, असं गुगलला कळवणारी) चढवली, जिथे शक्य होतं तिथे लिंक काढायला मेल केले, फेरविचाराचा अर्ज केला. हे कंटाळवाणं काम आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दादांनी विचारलं, “मॅडम, एखाद्या न्यूज पोर्टलला पैसे देऊन बातमी लावूया का?” जाहिरात म्हणून खुशाल लावा, म्हटलं, पण त्या लिंकवर स्पॉन्सर्ड अशी खूण असायला हवी, रँकिंगसाठी तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा मला शेडवर येऊ द्या.

मार्चचं ऊन होतं. हिरव्या शेडनेटखाली रॅकच्या जाळ्यांवर कप्प्याकप्प्यांनी मणी पसरलेले, आणि टाकीपाशी दादांच्या आई, आक्का, उभ्या. द्राक्षं बुडवायच्या द्रावणात शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, हे प्रमाण दादांनी सांगितलं. मण्यावरच्या मेणाच्या थरात या द्रावणानं बारीक फटी पडतात आणि आतलं पाणी लवकर निघतं, म्हणून सावलीतही बेदाणा पंधरवड्यात होतो. हे पुस्तकात मिळतं. आक्कांनी सांगितलं ते मात्र मला कुठे सापडलं नव्हतं. क्रेट द्रावणातून काढून त्यांनी एक मणी अंगठ्यानं चोळून दाखवला. “तेल जास्त पडलं की मणी असा चिकाट होतोय. मग जाळीला धरतोय, काढताना फुटतोय. आणि साखर भरायच्या आधी घड काढला तर कितीबी बुडवा, बेदाणा हलकाच.” घडातली साखर 22 ब्रिक्सच्या (गोडीचं माप) खाली असेल तर त्या काढूच देत नाहीत. ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दादांच्या खिशात होता. आक्का चाखून सांगत होत्या, दादा मोजून बघत होते, आणि दोघांचं जुळत होतं.

लेख मी त्याच क्रमानं लिहिला: प्रमाणाचा तक्ता, कुठला दोष कशामुळे येतो, आणि आक्कांच्या अंगठ्याचा जवळून काढलेला फोटो. ‘होलसेल भाव’ हे शब्द त्यात एकदाही नव्हते. दादा जरा नाराज झाले; विक्रीचा शब्दच नाही, मग गिऱ्हाईक कसं येणार? मी म्हटलं, ज्याला बेदाणा करायचाय तो आधी येऊ दे, ज्याला घ्यायचाय तो त्याच्यामागून येईल.

मॅन्युअल ॲक्शन उठल्यावर काही आठवड्यांनी लिंकचा अहवाल उघडला. एका कृषी महाविद्यालयाच्या पानावरून आमच्या तक्त्याला लिंक होती, आणि ती ज्या शब्दांवर होती ते असे: ‘तेल जास्त झाल्यास मणी चिकट का होतो, ते इथे पाहा.’ मी खुर्चीतून उठून शेजारच्या सहकाऱ्याला दाखवायला गेले. असा अँकर टेक्स्ट कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही. तो लिहिणाऱ्यानं लेख शेवटपर्यंत वाचला होता आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल असं त्याला वाटलं होतं. त्याच पानावरून लोक येऊ लागले, आणि आलेले लोक थांबून वाचत होते.

सोलापूर आणि विजयपूरकडच्या बागायतदारांचे प्रश्नही येऊ लागले. बरेचसे एकाच गोष्टीचे: रॅकवर माल असताना अवकाळी आला तर काय करायचं? दादांना फोन केला. ते म्हणाले, “मला नका विचारू, आक्कांनी दोनदा वाचवलाय माल. कधी येताय?”