जुन्या दुनळ्यांची वही: कलकत्त्याचं नाव, बर्मिंगहॅमच्या नळ्या आणि रतनजोत

लिलावाच्या टेबलावर जुनी दुनळी बंदूक आली की बहुतेक जण आधी कोरीवकाम बघतात, मग अक्रोडाच्या दस्त्यातल्या रेघा, आणि नळ्यांत डोकावतात ते सगळ्यात शेवटी. माझा क्रम उलटा आहे. दस्ता नवा करता येतो, स्प्रिंग बनवून घेता येते, कोरीवकामाकडे तर दुर्लक्षच करता येतं. पण झिजलेल्या नळीत धातू परत भरता येत नाही. म्हणून मी पैसे मोजतो ते नळ्यांचे.

या हिवाळ्यात कामाला घेतलेली बंदूक बारा बोअरची, बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा मधल्या लोखंडी पेटीत), बिनइजेक्टरची, म्हणजे उडालेली काडतुसं आपोआप बाहेर न फेकणारी. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव आहे ‘मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता’. ते नाव बघून बोली जरा चढली, पण फार नाही, कारण इकडे इंग्लंडात बिनइजेक्टरच्या बॉक्सलॉकला आज कुणी विचारत नाही. आपल्यासारख्यांचं फावतं. नाव कलकत्त्याचं असलं तरी माल बर्मिंगहॅमचा. तेव्हा धंदाच तसा चालायचा. गन क्वार्टरमधल्या प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, बाथ स्ट्रीट या गल्ल्यांत एक कारागीर नळ्या करायचा, दुसरा ॲक्शन (नळ्या जिथे अडकतात तो यंत्रणेचा लोखंडी भाग), तिसरा दस्ता बसवायचा, आणि वर नाव कोरलं जायचं दुकानदाराचं. मग ते दुकान इंग्लंडातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी असो की कलकत्त्याला. ॲक्शन अँसन-डीली पद्धतीची. वेस्टली रिचर्ड्सकडे काम करणाऱ्या या दोघांनी १८७५ साली पेटंट घेतलं आणि आत इतके कमी भाग ठेवले की अजून निम्मं जग तीच नक्कल करतंय. नळ्या खाली मोडल्या की त्याच जोराने आतले घोडे चढतात.

आता नळ्यांविषयी. सपाट बाजूवर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे शिक्के आहेत. प्रूफ म्हणजे जादा दाबाचा बार उडवून घेतलेली नळ्यांची परीक्षा. मुकुटाखाली बीएनपी (बर्मिंगहॅम नायट्रो प्रूफ, म्हणजे बिनधुराच्या दारूची परीक्षा), मग .७२९, २½ इंच आणि ३ टन. म्हणजे बंदूक जुनी असली तरी १९५४ ते १९८९ च्या नियमांखाली तिचं पुन्हा प्रूफ झालंय. .७२९ इंच हा तेव्हाचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, २½ इंच चेंबरची लांबी, ३ टन म्हणजे दर चौरस इंचाला चालेल एवढा दाब. मोजायचं ते मागच्या टोकापासून ९ इंचांवर. तिथे उजवी नळी .७३२ भरली, डावी .७३४. .७४० ला पोचली असती तर बंदूक ‘आउट ऑफ प्रूफ’ झाली असती, आणि तशी बंदूक विकणं इथे १८६८ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. प्रूफ हाउस स्वतः १८१३ चं, बॅनबरी स्ट्रीटवर अजून चालू. एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

बोअर ठीक निघाला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. बोअर आतून मोजतो, पण नळी बाहेरूनही घासलेली असते. दर वेळी काळा रंग नवा करताना कुणीतरी पॉलिश मारलेलं असतं, आणि पॉलिश म्हणजे धातू जाणं. भिंतीची जाडी किती हवी हे प्रूफच्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण धंद्यातली माणसं सगळ्यात पातळ जागी २० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली गेलेल्या नळीला हात लावत नाहीत. माझी उजवी २७ थाऊ, डावी २३. लिलावात शेजारीच एक झगझगीत साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर असलेली बंदूक) होती, कोरीवकाम असं की डोळे दिपावेत. तिची डावी नळी १६ थाऊ. वरून कीर्तन, आतून तमाशा. ती माझ्या बंदुकीच्या कितीतरी पट किमतीला गेली.

दुसरी तपासणी फुकटची आहे. नळ्या सुट्या करायच्या, खालच्या हुकात (जो बिजागरीच्या पिनेवर अडकतो) बोट घालून लोंबकळत धरायच्या आणि नखाने किंवा लाकडी दांडीने हलकेच टकटक करायची. पट्ट्यांचा डाख शाबूत असेल तर नाद लांबपर्यंत खणखणतो. कुठे सुटला असेल तर बद्द आवाज येतो, कधी बारीक थरथरही. ही खणखणली.

खोट होती ती सांध्यात. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद ठेवून नळ्या हलवल्या तर अंगठ्याला किंचित हिसका जाणवायचा. नळ्यांचा मागचा चेहरा ॲक्शनच्या भिंतीला नीट टेकत नव्हता. खात्री करायची जुनी रीत म्हणजे काजळी. रॉकेलच्या दिव्यावर नळ्यांचा मागचा चेहरा धरला, मखमलीसारखा काळा थर बसला, बंदूक अलगद बंद करून उघडली. भिंतीवर काजळी उमटली फक्त वरच्या कडेला, चंद्रकोरीसारखी. खालचा अर्धा भाग कोरा. यावर पत्र्याची पातळ चकती चिकटवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा धंदा सर्रास चालतो. दोन-चार डझन काडतुसांनंतर ती चकती निघते आणि दुखणं जैसे थे. खरा उपाय म्हणजे हुकावर वेल्डिंगने धातू चढवून तो काजळी लावत लावत कानशीने बसवणं, किंवा मोठी हिंज पिन घालणं. हे काम मी घरी करत नाही, कुणी करूही नये. गनस्मिथकडे दिलं. बंदुकीच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले, पण आता काजळी सगळीकडे सारखी उमटते, आणि बंद होतानाचा आवाज ‘खट’ नसून ‘ठप्’ असा येतो. ज्यांनी जुन्या दुनळ्या हाताळल्यात त्यांना फरक कळेल.

दस्ता मात्र सगळा माझ्या हातचा. ॲक्शनला टेकणारा लाकडाचा भाग काळा आणि मऊ पडला होता. वर्षानुवर्षं बंदूक तेल घालून, नळ्या आकाशाकडे करून कपाटात उभी ठेवली की तेल ओघळून लाकडात मुरतं. (नळ्या खाली करून ठेवा. बंदूक नवी असेल तरीही.) खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून त्याचा लेप दिला, वाळू दिला, झटकला. पहिला लेप वाळल्यावर बदामी झाला, मग प्रत्येक लेपागणिक फिकट होत गेला. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात घाई चालत नाही. लेप पांढराच राहायला लागला तेव्हा थांबलो.

मग रंग. इंग्रजी दस्त्यांवरची ती खोल लालसर झाक येते अल्कानेटच्या मुळीपासून, आणि अल्कानेट म्हणजे आपली रतनजोत, रोगनजोशला लाल रंग देणारी. इथले शौकीन तिची इवलीशी पाकिटं महागात मागवतात. मी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर किराणा दुकानातून पिशवीभर आणली. काउंटरवरच्या काकूंनी विचारलं, “मटण किती जणांचं?” बंदुकीचं खरं कारण सांगून दुकानातली रांग थांबवायची नव्हती, म्हणून “दहा-बारा” म्हटलं. मुळ्या जवसाच्या तेलात बुडवून बरणी खिडकीत ठेवली; तेल गर्द माणकासारखं लाल झालं. ते बोटाने, अगदी थेंबाथेंबाने, तळव्याची ऊब येईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा तेच. रेघांमधली छिद्रं भरायला वेळ लागतो पण दुसरा मार्ग नाही. जे ब्रशने जाड थर देतात त्यांचे दस्ते प्लास्टिकचे वाटतात. आणि एक धोका: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टोपलीत टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

दस्त्याच्या पकडीवरची जाळीदार खाच ताजी केली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. स्क्रूंबद्दल एवढंच की जुन्या इंग्रजी बंदुकांच्या खाचा कागदासारख्या बारीक असतात. बाजारचा स्क्रू-ड्रायव्हर घातला की खाच फाटते आणि बंदूक ‘घरी उघडलेली’ हे दुरून कळतं. प्रत्येक खाचेसाठी पातं घासून बसवून घ्यायचं.

नळ्यांचा काळा रंग अजून केलेला नाही. केला तर गंज चढवून, उकळत्या पाण्यात घालून, तारेच्या ब्रशने झाडून, अशा जुन्या संथ रीतीनेच करून घेईन. कॉस्टिकच्या गरम टाकीत दुनळी बुडवली तर पट्ट्यांचा कथलाचा डाख खाल्ला जातो. रायफलीचं काम करणाऱ्या कारखान्याला हे सांगावं लागतं. बऱ्याचदा सांगूनही पटत नाही.

मार्चमध्ये छर्रे कसे पसरतात ते बघायला प्लेटवर नेली. ४० यार्डांवर चुन्याने रंगवलेला लोखंडी पत्रा, त्यावर एकेक बार, मग दाटीभोवती ३० इंचांचं वर्तुळ काढून आतले ठिपके मोजायचे. काडतूस २८ ग्रॅमचं, ६ नंबरचे छर्रे, म्हणजे इंग्रजी मापाने साधारण २७० दाणे. उजव्या नळीने वर्तुळात १४० च्या आसपास दिले, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे अगदी थोडा चोक (नळीच्या तोंडाशी दिलेला आवळ). डावीने १७५, म्हणजे ६५ टक्के, अर्ध्या चोकहून जरा आवळ. हवेत फेकलेल्या नेमबाजीच्या तबकड्यांना अगदी बरोबर. आणि दोन चाप असल्यामुळे येणाऱ्या तबकडीला आधी आवळ नळी, दूर जाणारीला आधी मोकळी, हे बोट स्वतःच ठरवतं. एका चापाच्या नव्या बंदुकीवर त्यासाठी आधी बटण सरकवावं लागतं.

वजन ६ पौंड १० औंस, म्हणजे ३ किलो. बंदूककार ग्रीनरचा जुना हिशेब असा की बंदूक छऱ्यांच्या ९६ पट जड हवी. २८ ग्रॅमला २.७ किलो पुरतात. म्हणून खांद्याला त्रास नाही. दिवसभर झाडल्यावरही गाल शाबूत.

काडतुसांची गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण आजोबांच्या परवान्यावरची दुनळी अजून अनेक घरांत आहे. जुन्या बंदुकीचं चेंबर बहुधा २½ इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, आणि तिथेच घोळ होतो: ७० हे माप उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याचं असतं. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब चढतो. तेव्हा काडतूस खडकीच्या कारखान्याचं असो की बाहेरचं, आधी चेंबर मोजून घ्या, आणि तेही परवानाधारक दुकानदाराकडून. तिकडे घरी दुरुस्ती करायची मुभा नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाकडे सहसा दोनच बंदुका, त्यामुळे संग्रहाचा विषय संपलाच. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदच. पण असलेली बंदूक नीट राखायला काहीच आड येत नाही.

आमच्याकडची चिंता वेगळी. शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणायचा निर्णय ब्रिटिश सरकारने २०२५ साली जाहीर केला; मुदत दिलेली आहे, पण ती संपणारच. पोलादी छर्रे कडक असतात, जुन्या पातळ आणि आवळ चोकच्या नळ्यांना ते मानवत नाहीत. बिस्मथ हा धातू मऊ आहे, चालतो, पण एका काडतुसाची किंमत ऐकून तबकड्यांवर झाडायची इच्छा मरते. काही जण चोक मोकळे करून पोलादासाठी प्रूफ करून घेताहेत. माझ्या २३ थाऊच्या डाव्या नळीवर मी तो प्रयोग करणार नाही. बिस्मथची एकच पेटी आणलीय, तिचं पॅटर्न प्लेटवर बघणार आहे.

आणि हो, बाहेरच्या घोड्यांची एक दमास्कस नळ्यांची बंदूक आता प्रूफ हाउसमध्ये आहे. लोखंड आणि पोलादाच्या कांबी पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या नळ्या. वरची नक्षी त्या पिळाची. दमास्कस म्हणजे आज ना उद्या फुटणारच, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मोजमापं पाठवतो. या नळ्यांत खड्डे आहेत, पण उथळ, आणि जाडी २९ थाऊ. नायट्रो प्रूफमध्ये टिकली तर सगळे आकडे देईन. नाही टिकली तर नळ्यांचे तुकडे कापून आतली वीण दाखवणारे फोटो टाकेन.