आज चेहरा रंगवला

सैनिकाचा १/१० मापाचा, रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या पदार्थाचा) अर्धपुतळा आज अखेर रंगाला आला. भाग आधीच साबणाच्या कोमट पाण्यात धुतले होते. साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर राहिला की प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, धरत नाही. घासकाम भिजवलेल्या पॉलिशपेपरने आणि मास्क लावूनच. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट, इथे सूट नाही. जोडायला सुपरग्लू, कारण प्लॅस्टिक किटचं सिमेंट त्या किटचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, रेझिनवर ते चालतच नाही.

पण खरा आनंद डोळ्यांचा! बुबुळाभोवती शुभ्र पांढरा न लावता किंचित राखाडी-गुलाबी छटा दिली. वरच्या पापणीखाली गडद रेघ ओढली, बुबुळ तिला टेकवलं आणि नजर एकदम स्थिरावली. किती दमलाय हा सैनिक! उद्या केस आणि चामडी पट्टा.